फुकटचा फोन, पैशाचा फोन

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



कार्यकारिणीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. मागे बटाटेवडे तळायला सुरुवात झाली आहे, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे सोळावं मिनिट कोणी ऐकणार नाही याची पूर्ण कल्पना आहे. दुसरी अडचण अशी की आजचा कार्यक्रम देणग्या गोळा करण्याचा, आणि आम्हाला विषय दिलाय 'फुकट काय मिळतं'! खजिनदारांच्या चेहऱ्यावरची काळजी आम्हाला इथून दिसते आहे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. दोघंही पुण्याकडचे इंजिनियर, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मंडळात त्याचा अर्थ एवढाच की कुणाचा राउटर रुसला की फोन आमच्याकडे येतो. आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: "अरे, घरच्या फोनचं बिल कशाला भरायचं? सगळं तर फुकट मिळतं ना नेटवर?"

आम्हीही तसंच म्हणायचो, म्हणून तर आज बोलायला उभे आहोत.

आमच्या लहानपणी अमेरिकेतल्या आत्याचा फोन यायचा तेव्हा घरात धावपळ व्हायची. प्रत्येकाला अर्धं मिनिट. "कशी आहेस, बरी आहे, ठेवते, बिल वाढतंय." आपण फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवर जायचं, आणि काचेच्या खोलीत लाल आकडे असे पळायचे की बोलायचं काय तेच विसरायला व्हायचं. पुढे इथे आलो तेव्हा फोन कार्डांचे शेवटचे दिवस होते. इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर, पारले-जीच्या शेजारी ती टांगलेली असायची. नाण्याने खरवडा, लांबलचक पिन दाबा, मग एक बाई सांगणार की तुमच्याकडे इतकी मिनिटं शिल्लक आहेत. ती मिनिटं आणि घड्याळातली मिनिटं यांचा काही संबंध नसायचा.

नेटवरून बोलायची कल्पना त्याहून जुनी. इस्रायलमधल्या व्होकलटेक कंपनीने १९९५ मध्ये 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. २००३ मध्ये स्काइप आलं आणि आपल्यासारख्यांच्या घराघरांत शिरलं. व्हॉट्सॲपवर आवाजी कॉल २०१५ मध्ये आले, व्हिडिओ २०१६ च्या अखेरीला. तेव्हापासून आई रोज सकाळी पोळ्या लाटताना आम्हाला स्वयंपाकघराचं छत दाखवते. फोन कसा धरायचा हे शिकवून आम्ही थकलो. पण छत तर छत, रोज दिसतं.

आता मुद्द्याचं. फुकट म्हणजे नेमकं काय फुकट? दोन्ही बाजूंना इंटरनेट आणि तेच ॲप असेल, तर तुमचा आवाज डेटाची छोटी पाकिटं होऊन जातो. एका दिशेला सेकंदाला जेमतेम ८०-९० किलोबिट, ॲपवर त्याहूनही कमी. घरात नेटफ्लिक्स चालू असताना हे म्हणजे ट्रकमागे सायकल. त्याचे वेगळे पैसे घेण्यात कंपनीला रस नाही, तिला तुम्ही तिच्या ॲपवर राहणं हवं असतं. पण ज्या क्षणी तो कॉल साताऱ्याच्या घरातल्या साध्या फोनवर वाजायला हवा, त्या क्षणी तो नेट सोडून टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो, आणि तिथे दारावर टोल नाका आहे. भारतातली फोन कंपनी परदेशातून आलेल्या प्रत्येक मिनिटाला आकार लावते. ट्रायने तो २०१८ मध्ये ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला, आणि २०२० मध्ये ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान काय ते कंपन्यांनी ठरवा म्हणून मोकळं सोडलं. अमेरिकेच्या आत हा टोल जवळजवळ नाहीसाच झालाय. म्हणून इथल्या इथे बोलणं फुकट देणाऱ्या सेवा आहेत, पण भारतातल्या साध्या फोनवर कायमचं, अमर्याद, फुकट असं कोणी सांगितलं तर समजा की पैसे दुसरीकडून कुठून तरी घेतले जाताहेत. जाहिरातीतून घ्या, तुमच्या संपर्कांच्या यादीतून घ्या, नाहीतर ती गुंतवणूकदारांची मेहेरबानी आहे आणि ती संपणार आहे.

तर आमची गोष्ट. साधारण २०१३ मध्ये आम्ही घरचा पैशाचा फोन बंद केला आणि मोठ्या ऐटीत फुकटचा बसवला. एक हाताएवढा डबा, म्हणजे अडॅप्टर, ५० डॉलरच्या आत मिळाला. त्याला एका बाजूने राउटर, दुसऱ्या बाजूने साधा कॉर्डलेस फोन, आणि एका मोठ्या कंपनीचा फुकट नंबर. महिन्याला शून्य डॉलर! आम्ही एक्सेलमध्ये तक्ता केला होता, पाच वर्षांत किती वाचतील त्याचा. मित्रांना जेवायला बोलावून तो तक्ता दाखवला. पाच-सहा घरांत तसेच डबे आम्ही स्वतः बसवून दिले. त्यांतली काही मंडळी इथेच बसली आहेत, आणि त्यांना पुढचं आम्ही आधीच फोन करून सांगितलेलं आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. कोणाचे, ते विचारू नका. एकदा विमानातून उतरले की ते दोघांचेच असतात. आम्ही दोघंही ऑफिसात, घरी ते दोघं आणि दीड वर्षांची मुलगी. जाताना रोज बजावायचो, "काही झालं तर हा कॉर्डलेस उचलायचा, ९११ दाबायचे." आईंनी ते पाठ केलं होतं, नऊ-एक-एक.

एका दुपारी बाबा बेसमेंटच्या जिन्यावरून खाली येताना घेरी येऊन पडले. शेवटच्या दोन पायऱ्याच होत्या, पण उत्तर देईनात. आईंनी मुलीला पाळण्यात ठेवलं, धावत जाऊन फोन उचलला आणि नऊ-एक-एक दाबलं. तिकडून इंग्रजीत एक रेकॉर्ड केलेला संदेश आला. त्यांना तो कळला नाही. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा दाबलं. तोच संदेश. तिसऱ्यांदा दाबलं. मग फोन तसाच टाकून अनवाणी रस्ता ओलांडून समोरच्या घराची बेल वाजवली. तिथल्या आजी निवृत्त नर्स. आईंना इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येत नाही, पण चेहरा बघून त्यांना काय ते कळलं. त्यांनी आपल्या फोनवरून ९११ लावला आणि येताना संत्र्याचा रस घेऊन आल्या.

साखर उतरली होती. ॲम्ब्युलन्स आली, बाबा संध्याकाळी घरी आले, दुसऱ्या दिवशी क्रिकेट बघत बसले. ते आज साताऱ्यात ठणठणीत आहेत.

पण रात्री आईंनी आम्हाला एक विचारलं. रागावून नाही, अगदी साधेपणाने. "तुम्ही सांगितलंत की हा फोन आहे. मग हा फोन नव्हता का?"

आम्ही दोघांनी त्या रात्री त्या फुकट सेवेचे नियम पहिल्यांदा वाचले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही सेवा नेहमीच्या फोनची जागा घेत नाही, इथून इमर्जन्सी कॉल लागत नाहीत. चार वर्षं लिहिलेलं होतं. आम्ही रोज दुसऱ्यांचा कोड वाचून चुका काढण्याचा पगार घेतो, आणि स्वतःच्या घरातला एक परिच्छेद वाचला नव्हता.

मग शोध घेतला तेव्हा कळलं, हे नवीन नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये ह्यूस्टनमध्ये एका घरात दरोडेखोर शिरले, आई-वडिलांना गोळ्या लागल्या, आणि मुलीने इंटरनेट फोनवरून ९११ लावला तो लागलाच नाही. तिलाही शेजाऱ्यांकडेच पळावं लागलं. तो पैसे भरलेला फोन होता, बरं का. त्या वर्षी असे प्रकार पुढे आल्यावर एफसीसीने मे २००५ मध्ये हुकूम काढला की ज्या नेटफोनवरून साध्या फोनला कॉल जातात आणि साध्या फोनवरून येतातही, त्यांनी ९११ दिलंच पाहिजे, आणि पत्त्यासकट दिलं पाहिजे. म्हणून व्होनेज, ऊमा यांच्यासारख्या सेवा साइन-अप करतानाच तुमचा पत्ता विचारतात. ॲपवरून ॲपवर बोलणाऱ्या सेवा त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्या तुम्हाला सांगत नाहीत.

तर आम्ही पैसे भरायला लागलो. झालं, प्रश्न मिटला? नाही मंडळी. २०१९ मध्ये आम्ही अपार्टमेंटजवळच्या टाउनहाउसमधून आताच्या घरात आलो. वीज, पाणी, बँक, मासिकं, सगळीकडे पत्ता बदलला. फोनचा डबा उचलला, नव्या घरात लावला, लगेच चालू. हीच तर त्याची मजा, कुठेही न्या, चालतो. काही महिन्यांनी ऑफिसातल्या एकाने सांगितलं, ९३३ लावून बघ. बऱ्याच नेटफोन कंपन्यांत हा नंबर लावला की तुमच्या नावावर ९११ साठी कोणता पत्ता नोंदलाय ते मशीन वाचून दाखवतं. आम्ही लावला. मशीनने अगदी नीट उच्चार करून आमच्या जुन्या घराचा पत्ता वाचला. म्हणजे काही झालं असतं तर ॲम्ब्युलन्स वेळेवर पोचली असती, साडेचार मैल लांब. कंपनीने काही चूक केली नव्हती, पत्ता आपण बदलायचा असतो. तुमच्याकडे ९३३ चालत नसेल तर खात्यात लॉगिन करून पत्ता बघा. मात्र 'टेस्ट' म्हणून ९११ लावू नका, ते लोक खरंच येतात.

आता वीज. आपल्यातले बरेच जण २९ ऑक्टोबर २०१२ ला इथेच न्यू जर्सीत होते. सँडी वादळ. आम्ही तेव्हा नवीन, दोन खोल्यांत चौघं, आठवडाभर अंधार. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट वीज यायची, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा. नेटफोनचं तसं नाही. मोडेम गेला, राउटर गेला, डबा गेला, मग कॉर्डलेसचा पाळणाही गेला. आणि मोबाइलवर फार विसंबू नका, त्या वादळात बाधित भागातले सुमारे पाव मोबाइल टॉवर बंद पडले होते. तांब्याच्या लाइनी कंपन्या आता गुंडाळत चालल्या आहेत, त्यामुळे 'आमचा जुना फोन आहे' म्हणणाऱ्यांनीही तो खरंच तांब्याचा आहे की केबलवाल्याने कधी गुपचूप डब्यावर आणलाय ते एकदा बघावं. उपाय साधा आहे. कॉम्प्युटरला लावतो तसला छोटा यूपीएस मोडेम, राउटर आणि डबा तिघांना लावायचा. घरात नुसते दिवे गेले असतील तर तेवढ्याने काही तास निघतात.

आणखी एक, हे पूर्णपणे फुकट आहे, खजिनदार क्षमा करोत. तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाइल, सिमकार्ड किंवा प्लॅन नसला तरी, ९११ लावू शकतो. इथला तसा नियमच आहे. फक्त फार जुना नको, कारण २०२२ मध्ये इथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी बंद केलं, तेव्हाचे फोन आता मुके आहेत. त्या फोनवर उलटा कॉल येत नाही, म्हणून पत्ता आधी सांगायचा. आमच्याकडे आई-बाबांच्या पलंगाशेजारी असा एक चार्जिंगला लावलेला असतो, आणि भिंतीवर कागद आहे. पत्ता मोठ्या देवनागरी अक्षरांत, उच्चार जसा करायचा तसा. 'हेल्प, ओल्ड मॅन फॉल' हेही लिहिलंय. बाबांना त्यातला 'ओल्ड' शब्द पसंत नाही.

मग भारतातल्या फोनचं काय? रोजचं बोलणं, नातवंडं दाखवणं, गणपतीची आरती लाइव्ह, यासाठी फुकट ॲपला तोड नाही. तिथे पैसे भरू नका. आवाज अडखळला तर बहुतेक वेळा दोष आपल्या वायफायचा असतो. जाणकार सांगतात की एका बाजूने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर माणसाला जाणवत नाही. इथून भारतात पोचायला निव्वळ अंतरामुळेच त्यातला बराचसा वाटा खर्च होतो. उरलेल्यात मुलांचा गेम अपलोड सुरू झाला की तुम्ही "हॅलो" म्हणता, ते "हॅलो" म्हणतात, दोघं थांबता, आणि पुन्हा दोघं एकदम "हॅलो". राउटर तार लावून वापरा, निम्मी भांडणं मिटतील. दुबईतल्या भावाशी बोलायचं असेल तर प्रकार वेगळा. यूएईत व्हॉट्सॲपचे कॉल चालू देत नाहीत, तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप घ्यावं लागतं.

पण रात्री दोनला काळजी वाटते, ॲपवर कोणी उचलत नाही, तिकडचं नेट गेलंय किंवा बाबांनी डेटा बंद करून ठेवलाय, तेव्हा साधी रिंग वाजवता आली पाहिजे. त्यासाठी कुठल्या तरी सेवेत पाच-दहा डॉलर भरून ठेवा. मिनिटाला एक-दोन सेंट दराचे पर्याय आहेत, गूगल व्हॉइससारखे. महिन्याला २५ डॉलरचा 'भारत अमर्याद' प्लॅन ज्यांच्याकडे आहे त्यांना एकच विनंती: मागची तीन बिलं काढा आणि भारतातल्या साध्या फोनवर खरोखर किती मिनिटं बोललात ते मोजा. आमची निघाली महिन्याला अकरा. अर्थात आजी-आजोबांकडे स्मार्टफोनच नाही, रोज तास-तास लँडलाइनवर बोलणं होतं, अशी घरंही आपल्यात आहेत. त्यांना तो प्लॅन स्वस्तच आहे, त्यांनी तो मुळीच बंद करू नये.

नंबर मात्र एकच ठेवा. पूर्वी स्वस्त सेवांवरून फोन केला की तिकडे दर वेळी निराळा नंबर दिसायचा, कधी चक्क भारतातलाच कुठला तरी. आता तसं चालायचं नाही. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, आणि 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने म्हाताऱ्या माणसांना लुबाडण्याचे इतके प्रकार झालेत की अनोळखी नंबर उचलू नका असं आपणच आई-वडिलांना सांगतो. मग त्यांनी आपलाच फोन उचलला नाही तर तक्रार कोणाकडे? तुमचा एक कायमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावानिशी, जमलं तर फोटोसकट, भरून द्या.

आणि पैसे भरले म्हणजे सेवा अमर झाली असंही नाही. २००७ च्या जुलैमध्ये सनरॉकेट नावाची कंपनी जवळजवळ एका रात्रीत बंद पडली. सुमारे दोन लाख ग्राहक, त्यांतल्या पुष्कळांनी वर्षाचे १९९ डॉलर आगाऊ भरलेले. आणि स्काइप, ज्याच्या नावाचं आपण क्रियापद केलं होतं, 'संध्याकाळी स्काइप करू' म्हणायचो, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. तेव्हा वर्षा-दोन वर्षांचे पैसे सवलतीच्या मोहाने एकदम भरू नका. कंपनी बदलायची असेल तर जुनी सेवा चालू असतानाच नंबर नवीकडे न्या. आधी रद्द केलीत तर नंबर हातचा गेला. फुकट नंबर बराच काळ वापरला नाही तर तो परत घेतात, हेही लक्षात ठेवा. आणि इथल्या बऱ्याच बँका नेटफोनच्या नंबरवर कोड पाठवत नाहीत, त्यांना मोबाइलच द्या.

आमच्या घरी आज काय आहे ते सांगतो. रोजच्यासाठी फुकट ॲप. घरात एक साधा, स्वस्तातला, ९११ असलेला पैशाचा नेटफोन. जाहिरातीतल्या आकड्यावर कर आणि फी चढतातच, तेवढे धरून चला. भारतासाठी दहा डॉलर भरलेलं एक खातं. आणि तो एक्सेलचा तक्ता डिलीट केलेला नाही, त्यात फक्त एक ओळ वाढवली आहे.

बटाटेवडे तयार झाल्याची खूण झाली आहे. जेवणानंतर दाराजवळच्या टेबलावर आम्ही दोघं बसणार आहोत. ज्यांना आपल्या फोनचा ९११ चा पत्ता तपासायचाय त्यांनी मोबाइलवर खातं उघडून यावं, पासवर्ड आठवून यावं. ज्यांच्याकडे आम्ही स्वतः तो डबा बसवला होता त्यांनी रांगेत उभं राहायची गरज नाही, त्यांनी सरळ पुढे यावं. टेबलावर मदतनिधीची पेटी आहे. पत्ता बरोबर निघाला तर त्यात काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. चुकीचा निघाला तर खजिनदार ठरवतील.